झिलईखालचे मंगल

चिनी मातीच्या जुन्या भांड्यांवर शंख, कमळ, चक्र, छत्र, ध्वज, कलश, मत्स्ययुगुल आणि आदि-अंत नसलेली श्रीवत्साची गाठ ही आठ चिन्हे वारंवार आढळतात. बौद्ध परंपरेत त्यांना अष्टमंगल म्हणतात. भारतात उगम पावलेली ही चिन्हे युआन राजवटीने (1271–1368) तिबेटी बौद्ध धर्माला आश्रय दिल्यानंतर चिनी कुंभारांच्या कुंचल्यात रुळली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून चिनी भांडी आली आहेत, आणि प्रवरा नदीच्या खोऱ्यातील देवळालीहून तेथे जाणाऱ्याला अशी चिन्हे परकी वाटू नयेत, कारण शंख, कमळ आणि चक्र त्याच्या अंगणातील रांगोळीतही असतात.

तरीही या साम्याहून एक भेद अधिक विचार करायला लावतो. चीनमधील जिंगदेझेनच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर कोबाल्टच्या रंगाने चित्र काढून त्यावर झिलई, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा थर, चढवतात आणि भांडे सुमारे 1300 अंश सेल्सिअसला भाजतात, त्यामुळे चिन्ह कायमचे बंदिस्त होते. रांगोळी मात्र दिवसभरात विस्कटते आणि दुसऱ्या सकाळी नव्याने काढावी लागते. मग मंगल आकृतीत असते की ती रेखाटण्याच्या कृतीत?

छांदोग्य उपनिषदाच्या दृष्टीने घट हे केवळ नाम आणि माती हेच सत्य, तेव्हा घटावरचे कमळ नामावरचे नाम ठरते. हे उत्तर तर्काला धरून असले तरी श्रद्धेने कलश पूजणाऱ्याच्या अनुभवाला ते पुरत नाही. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट इतर कारणांच्या आधारानेच उद्भवते हा बौद्ध सिद्धांत, येथे अधिक समर्पक आहे: चिन्ह, प्रसंग, हात आणि भाव एकत्र आले तरच मंगल उद्भवते.

याचा सर्वांत बोलका पुरावा प्रवरेच्याच खोऱ्यात आहे. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे 1950–51 च्या उत्खननात तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाने काढलेल्या भौमितिक आकृत्या मिळाल्या. सुमारे तीन हजार वर्षांनंतरही रेषा स्पष्ट आहेत, पण ती भांडी वापरणारे लोक आणि त्यांचे विधी लोपल्यामुळे त्या रेषांचा अर्थ उरलेला नाही. भाजलेली रेषा टिकली आणि मंगल टिकले नाही, मग ते रेषेत होते असे कसे म्हणावे? म्हणूनच संग्रहालयाच्या पाटीवर राजवट आणि भट्टी यांच्याबरोबर ते भांडे कोणत्या पूजेत किंवा कोणत्या प्रसंगी मांडले जाई, हेही जेथे ज्ञात असेल तेथे लिहिले गेले पाहिजे.