बंदी, मर्यादा आणि शील



मागच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "काका, आजीला गावच्या विहिरीवर बंदी होती. ती मोडली म्हणून आपण अभिमानाने सांगतो. मग मला बिअरला बंदी कशी काय?" आजूबाजूची मंडळी हसली. मला मात्र उत्तर सुचायला घरी पोहोचावे लागले.

महाडचे तळे आठवा. 1923 साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केले. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेईपर्यंत ते कागदावरच खुले होते. नंतर त्या तळ्याचे शेण-गोमूत्राने 'शुद्धीकरण' झाले. तिथे जनावरे पाणी पीत होती, हे लक्षात घ्या. आपण काय केले म्हणून ती बंदी नव्हती, आपण कोण आहोत म्हणून होती. कितीही चांगले वागून ती उठणार नव्हती. वर तिला गावात नाव होते 'मर्यादा'. 'मर्यादेने राहा' हे वाक्य आपल्या आजोबांनी ज्या अर्थाने ऐकले, त्या अर्थाने ते अजून माझ्या कानाला टोचते.

पण म्हणून प्रत्येक मनाई वाईट, असे नाही. संविधानाचे 17 वे कलम ही मनाईच आहे. सिएटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातिभेदाला बंदी घातली, तीही. इथे ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्यात जातीसाठी जागा ठेवली होती, ती 2018 मध्ये सरकारने भरायचीच नाही असे ठरवले. या बंदीने आमचे स्वातंत्र्य जाते, अशी तक्रार करणारे लोक इथेही आहेत. तळे अडवणाऱ्यांचेही तेच म्हणणे असणार.

आता शील. पंचशीलातला प्रत्येक पाठ ज्या शब्दावर संपतो तो आहे 'समादियामि': मी स्वतः स्वीकारतो. आज्ञा देणारा त्यात कुणीच नाही. 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याची पायरी. पायरीवर पाय घसरू शकतो, पुन्हा ठेवता येतो. 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला तो इथे उपयोगी पडतो. नियम काय करायचे ते सांगून मोकळा होतो. तत्त्व विचार करायला लावते आणि जबाबदारी करणाऱ्यावर टाकते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी आधी स्वतः दीक्षा घेतली, मगच समोरच्या लाखोंना प्रतिज्ञा दिल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञाही त्या बावीसांत आहे, आणि तिची सुरुवात 'मी'ने होते.

अडचण आपल्या घरात आहे. मूल विचारते, का नाही? आपण म्हणतो, "आपल्यात चालत नाही." हे वाक्य नीट ऐका. हे जातीचे वाक्य आहे. कुणाच्या हातचे खायचे, कुणाशी लग्न करायचे, याला गाव हेच उत्तर देत होते. (लग्नाच्या बाबतीत आपल्यातले काही जण अजूनही देतात, पण तो वेगळा लेख होईल.) शील अशा भाषेत सांगितले की त्याची बंदी होते, आणि बंदी मोडायला तर आपणच मुलांना शिकवले.

थायलंडमधले उपासक पंचशील मागताना 'विसुं विसुं' असे म्हणतात, म्हणजे प्रत्येक शील वेगवेगळे पाळण्यासाठी. एक मोडले म्हणून बाकीची चार तुटत नाहीत. त्या मुलाला मी फोन करून एवढेच सांगितले, की जे पाळायचे ठरवले नाहीस ते तोंडाने म्हणू नकोस.

गेल्या रविवारी तो आईशेजारी बसला होता. चार शीले त्याने मोठ्याने म्हटली, पाचव्याला गप्प राहिला. आईने माझ्याकडे रागाने पाहिले. बाहेर पडताना त्याने मला विचारले, नुसते चौथे, खोटे न बोलण्याचे, आठवडाभर पाळून पाहिले आहेत का कधी तुम्ही?