चिंधी कोणी सोडायची?

आजचं वाचन : योहान ५:१-९

बेथेसदाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं आजारी पडलेला माणूस. येशू विचारतो, बरं व्हायचंय का? हा 'हो' म्हणत नाही, पाण्याबद्दलच बोलतो. पाणी हललं की मला उतरवायला कुणी नाही, दुसराच आधी जातो. येशू त्याला पाण्यात नेतच नाही. पण इतकी वर्षं पाण्याकडे डोळे लावून बसलास म्हणून रागावतही नाही. मला हेच आवडतं.

हे वाचताना आयर्लंडच्या पवित्र विहिरी आठवल्या. तिकडे अशा सुमारे ३००० विहिरी असल्याचं सांगतात. विहीर म्हणजे रहाटाची नव्हे हं, बऱ्याचदा साधा झरा, भोवती रचलेले दगड. कुठे संत ब्रिजिडचं नाव, कुठे पॅट्रिकचं. एखादी डोळ्यांसाठी, एखादी दातदुखीसाठी. लोक सूर्याच्या दिशेने फेऱ्या घालतात (आपल्याकडे देवळात प्रदक्षिणा घालतात तशाच), खड्यांनी त्या मोजतात, प्रार्थना म्हणतात, पाणी पितात. मग दुखऱ्या जागेला लावलेली चिंधी शेजारच्या झाडाला बांधतात. चिंधी कुजेल तसा आजार ओसरेल, ही श्रद्धा. आणि दुसऱ्याची चिंधी सोडली, तर त्याचा आजार तुम्हाला!

अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. १८व्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रोटेस्टंट सत्तेने विहिरीवर जमणाऱ्यांना १० शिलिंग दंड लावला, न भरल्यास फटके. लोक जातच राहिले. पुढे खुद्द कॅथलिक बिशपांनीही विहिरीवरच्या जत्रा बंद पाडल्या, कारण तिथे दारू आणि मारामाऱ्या चालायच्या. ते मात्र मला पटतं.

खरा पेच आत्ताचा आहे. आता झाडाला पॉलिस्टर, नायलॉन बांधलं जातं. ते कुजत नाही. फांद्या आवळल्या जातात, झाडाला इजा होते. मग कुणाची तरी प्रार्थना आपण सोडून टाकायची का?

मला वाटतं, सोडावी. बांधणाऱ्याची हाक देवापर्यंत केव्हाच पोचलीय, ती नायलॉनच्या गाठीत अडकलेली नाही. पण कचरा उचलल्यासारखी ओरबाडू नये. कुणाच्या तरी लेकराचा ताप असेल तो. शिवाय जुन्या समजुतीप्रमाणे सोडणारा ते दुखणं स्वतःवर घेतो. हे माहीत असूनही जो हळूच गाठ सोडतो, त्याच्यासाठी आज प्रार्थना करूया का? आणि ज्याने ती बांधली, त्याच्यासाठीही.