आगाऊ सुख

आपल्या भाषेंतील 'आगाऊ' हा शब्द मोठा सूचक आहे. जे पैसे वेळेपूर्वीं भरावयाचे ते आगाऊ. आणि जें पोर वडील माणसांच्या बोलण्यांत न विचारतां तोंड घालतें, तेंही आगाऊच. पुढें घडावयाच्या गोष्टीवर आजच हक्क सांगणें ह्यांत थोडाफार मर्यादाभंग आहे, असें ज्यांनीं हा शब्द रूढ केला त्यांस वाटत असावें. हा विचार मनांत येण्यास कारण असें घडलें कीं, गेल्या आश्विनांत आम्ही पुढील वर्षाच्या एका समुद्रपर्यटनाचे पैसे आगाऊ भरण्याच्या बेतांत होतों, आणि ते भरण्यापूर्वींच घरांतली एक गोष्ट आम्हांस नव्यानें कळली. ती कळल्यापासून दोन माणसांचें सुख आगाऊ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाहीं.

आम्ही राहतों तें अष्टमी हें गांव कुंडलिकेच्या कांठीं आहे. नदीच्या एका तीरास रोहें, दुसऱ्या तीरास अष्टमी. नगरपालिका दोहोंची एकच व तिचें नांवही जोडनांव. भिऱ्याकडून आलेली ही नदी पुढें खाडी होऊन रेवदंडा आणि कोर्लई ह्यांच्या मधून समुद्रास मिळते. तिच्या मुखाजवळचें चौल बंदर एके काळीं फार नांवाजलेलें होतें. तेथें 1470 च्या सुमारास अफनासी निकितिन नांवाचा एक रशियन व्यापारी उतरला. निघाला होता तो कास्पियन समुद्राकडे व्यापार करावा म्हणून. वाटेंत व्होल्गेच्या मुखाशीं लुटला गेला; परत जावें तर सावकारांचे पैसे देणें, म्हणून तसाच पुढें सरकत इराण ओलांडून होर्मुझास आला आणि तेथून एक घोडा बरोबर घेऊन जहाजानें चौलास पोंचला. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्क गांठण्यापूर्वींच तो वारला; मागें त्याचीं टिपणें राहिलीं. त्याच्यासाठीं कोणीं खोली राखून ठेविली नव्हती, किंवा कोणत्या दिवशीं कोणतें बंदर लागेल ह्याचें पत्रकही त्याला मिळालें नव्हतें. आमच्या प्रवासाशीं ह्या प्रवासाची तुलना करणें हास्यास्पद आहे, हें आम्ही जाणतों; परंतु त्याच किनाऱ्यावरून वातानुकूल जहाजांतून जातांना त्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आम्ही म्हणजे आम्ही दोघें. नोकरींतून मोकळीं झाल्यावर आम्हांस जहाजाचा नाद लागला. 2018 च्या ऑक्टोबरांत 'आंग्रिया' ही बोट मुंबई ते गोवा अशी एका रात्रीची सफर करूं लागली. आंग्र्यांचें नांव बोटीवर पाहून त्यांच्याच मुलखांतल्या माणसांनीं घरीं बसून राहणें बरें दिसेना, म्हणून त्याच हिवाळ्यांत आम्ही तिजवर चढलों. ती बोट आज चालत नाहीं. पुढें 2021 च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीचें 'एम्प्रेस' मुंबईहून निघूं लागलें. हें जहाज 1990 सालचें. आयुष्याचा बराच भाग दुसऱ्या नांवानें तिकडे अमेरिकेच्या बाजूस काढून उतारवयांत आपल्याकडे आलेलें. आम्हीही उतारवयाचींच, त्यामुळें सोयरीक चांगली जमली. गोवा झालें, कोची झालें, लक्षद्वीप झालें. मग सिंगापुराहून एक आठवड्याची सफर झाली.

अशा पांच सफरींनंतर आम्ही स्वतःस सराईत समजूं लागलों. आमच्याजवळ एक वही आहे. जहाज सर्वांत कमी कोठें हेलकावतें, तर लांबीच्या मध्यावर व खालच्या मजल्यावर. नाचगाण्याच्या दिवाणखान्याखालची खोली कां घेऊं नये. परत येण्याच्या तारखेपुढें पासपोर्टाची मुदत सहा महिने तरी शिल्लक कां असावी. विसार केव्हां, बाकीची रक्कम केव्हां, आणि निघण्याचा दिवस जसजसा जवळ येतो तसतशी रद्द करणारास परत मिळणारी रक्कम कशी पायरीपायरीनें घटत जाऊन शेवटीं शून्यावर येते. हें सारें त्या वहींत आहे. जहाज कोणासाठीं थांबत नाहीं, म्हणून अष्टमीच्या माणसानें आदल्या दिवशींच मुंबईस मुक्कामास जावें, हेंही त्यांत लाल शाईनें लिहिलें आहे. ही वही उघडून दिवाळीच्या आधींच्या संध्याकाळीं बसणें हें आमच्या घरचें एक व्रतच होऊन गेलें होतें. सफर सात दिवसांची, आणि तिची चर्चा सात महिन्यांची.

आमच्या आजीस हा प्रकार मुळींच रुचला नसता. उद्यांची गोष्ट बोलतांना देवाचें नांव घेतल्याशिवाय ती वाक्य पुरें करीत नसे. परंतु आजोबा उन्हाळ्यांत भातखाचरांत राब भाजून ठेवीत, ती येणाऱ्या पावसाची आगाऊ नोंदणी नव्हे तर काय? कोळी पावसाळ्यांत जाळीं विणून नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, त्यांतही उद्यांवरचा विश्वास आहेच. तेव्हां भविष्याची तजवीज करणें म्हणजे दैवाशीं उद्धटपणा, हा आक्षेप आम्हांस फारसा जड वाटत नाहीं. भेद असलाच तर तो हा कीं, शेतकरी आगाऊ श्रम करतो आणि पीक किती यावें हें पावसावर सोडतो. आम्ही आगाऊ पैसे भरतों आणि पीकही ठरवून मागतों. 2020 च्या फेब्रुवारींत जपानांतील योकोहामा बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' हें जहाज साथीमुळें अडकून पडलें. त्यावर 3711 माणसें होतीं. प्रवाशांस दोन आठवडे आपापल्या खोलींतच राहण्याचा हुकूम झाला. खिडकीवांचून चालेल, कारण खोलींत केवळ निजावयाचें आहे, असा हिशेब करून ज्यांनीं स्वस्त खोली घेतली होती, त्यांच्या हिशेबाचें काय झालें असेल? ही बातमी वाचल्यावर वहींत आम्हीं एक कलम वाढविलें: खिडकीच नव्हे, सज्जा असलेलीच खोली घ्यावी. वाचकांनीं हें कलम लक्षांत ठेवावें.

ह्या धंद्याच्या गणितांत आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या ध्यानांत यावयास बराच काळ लागला. जहाजावरच्या खोलीची किंमत माणशीं सांगतात. पण ती खोलींत दोन माणसें आहेत असें धरून. एकट्या माणसानें खोली मागितली तर बहुतेक ठिकाणीं त्याला जवळजवळ दोघांचें भाडें पडतें. ह्यांत कंपनीचा दोष काढतां येत नाहीं. खोली तेवढीच अडते. तरीपण सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या जोडप्यास हा दर वाचतांना क्षणभर थांबावें लागतें. पुढच्या वर्षीं दोघेंही असूं, असें गृहीत धरूनच तो आंकडा मांडलेला असतो. आम्ही दोघांनींही तो वाचला होता, आणि दोघांनींही त्यावर बोलण्याचें टाळलें होतें.

आतां मूळ हकीकत. सफर पक्की करण्याच्या दिवशीं दलालाचा मुंबईहून फोन आला, तेव्हां घरचा पुरुष बाजारांत गेला होता. पत्नीनें फोन घेतला. खोली नेहमींप्रमाणें सज्ज्याचीच ना, असें दलालानें विचारतां तिनें उत्तर दिलें, "जिथून पाणी दिसत नाहीं, अशी असेल तर ती द्या." दलाल चकित झाला व त्यानें पुन्हां फोन करून आमच्याकडे खुलासा मागितला. येथून पुढें 'आम्ही' हा शब्द वाचकांनीं जपून वाचावा. तो एकट्याचा आहे.

खुलासा फार साधा होता. तिचें माहेर रेवसच्या बाजूचें. 17 जुलै 1947 रोजीं, आषाढी अमावास्येच्या दिवशीं, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत तिचा एक मामा होता. तिचा जन्म त्यानंतर सात-आठ वर्षांनीं झाला. मामाचें तोंड तिनें पाहिलेलें नाहीं. परंतु तिच्या आईनें पुढें कधीं बोटींत पाय ठेविला नाहीं व मुलांसही ठेवूं दिला नाहीं. मुंबईस जावयाचें तर पनवेलवरून, कितीही वळसा पडो. ही कथा लग्नापासून आम्हांस ठाऊक होती. ठाऊक असून तिचा आमच्या वहीशीं कांहीं संबंध असेल, असें आमच्या मनांत एकदांही आलें नाहीं.

मग पांचही सफरी डोळ्यांपुढून गेल्या. रात्रीं सज्ज्याचा पडदा ती ओढून घेई. वारा लागतो म्हणून, अशी आमची समजूत. जेवणघरांत ती नेहमीं समुद्राकडे पाठ करून बसे. पाण्याकडची बाजू ती आम्हांसाठीं मोकळी ठेविते, ह्याचें आम्हांस कौतुकच वाटे. एका सफरींत श्रीवर्धनकडचा एक वाढपी मुलगा भेटला. वर्षाचे आठ-नऊ महिने तो जहाजावर असे, आणि रात्रीं आपल्याच गांवावरून जाई तेव्हां त्याला किनाऱ्यावरचे दिवे तेवढे दिसत. तिनें त्याची सारी चौकशी केली. आई कशी आहे, आंबे कसे आले, सुटी केव्हां. आम्ही तेव्हां कठड्यापाशीं उभे राहून चंद्राचें वर्णन करीत होतों. त्या मुलाशीं ती इतका वेळ कां बोलत राहिली, तें आज समजतें. त्या मजल्यावर जमिनीच्या गोष्टी बोलणारें तेवढें एकच माणूस होतें.

"इतकीं वर्षें बोललीं कां नाहींस?" असें आम्हीं विचारलें.

"अहो, विचारलंत कुठें? तुम्ही सांगायचेत, आपण जाऊंया, आणि मी म्हणायची, जाऊंया."

ह्या उत्तरांत राग नव्हता. म्हणूनच तें टोंचलें. कोणावर जबरदस्ती झाली नाहीं, कोणीं खोटें बोललें नाहीं, पैसे वायां गेले नाहींत, आणि तिनें सफरींत सुख घेतलें नाहीं असेंही नाहीं. कवरत्तीची वाळू तिला खरोखरीच आवडली होती. तरीही कांहीं तरी अन्याय झाला आहे. त्याचें नांव शोधतांना आम्हांस असें दिसतें कीं, पति-पत्नींच्या संसारांत 'आम्ही' हा शब्द पुष्कळदां एकाची इच्छा व दुसऱ्याचा होकार ह्यांची बेरीज असतो, आणि होकार म्हणजे इच्छाच, असें धरून चालणाराला तो आपल्या प्रेमाचा पुरावा वाटतो. जुन्या शास्त्रकारांनीं कलियुगांत समुद्रयान वर्ज्य सांगितलें. तें मोडून आपण मोकळे झालों. परंतु नवरा-बायकोंपैकीं कोणाची इच्छा कोणाच्या नांवानें बोलते, ह्याविषयीं आमच्यासारख्या सुधारलेल्या घरांतही फारशी सुधारणा झालेली दिसत नाहीं.

आनंदीबाई जोशी ह्यांची गोष्ट ह्या संदर्भांत वारंवार आठवते. त्यांनीं शिकावें हा हट्ट गोपाळरावांचा, आणि तो किती कठोर होता हें सर्वश्रुत आहे. तथापि 1883 च्या फेब्रुवारींत बंगालमधील श्रीरामपूर येथें अमेरिकेस जाण्याचीं आपलीं कारणें त्या जाहीर सभेंत स्वतः सांगत्या झाल्या, आणि एप्रिलांत कलकत्त्याहून जहाजावर चढल्या त्या पतीवांचून. अठरा वर्षांची मुलगी. पतीची इच्छा तोंवर त्यांची स्वतःची झाली होती, असें त्या भाषणावरून म्हणतां येतें. ती कोणत्या क्षणीं झाली, हें मात्र गोपाळरावांसही सांगतां आलें नसतें. येथें कोणी म्हणेल, मग एवढा विषाद कशास? आज एकाची इच्छा उद्यां दोघांची होते, संसार असाच चालतो. चालतो खरा. परंतु आनंदीबाईंनीं आपलीं कारणें आपल्या तोंडानें सांगितलीं, आणि आमच्या घरीं पांच सफरींत तो प्रसंगच आला नाहीं, कारण आमचीं कारणें नेहमीं तयार असत.

ह्या विचारांनीं अस्वस्थ होऊन आम्हीं दुसऱ्या दिवशीं दलालास कळविलें कीं, सफर रद्द समजावी. आपण मोठाच त्याग केला, अशा भावनेनें तें घरांत सांगितलें. तेव्हां मात्र ती खरोखर रागावली. "हेंही तुम्हींच ठरवलंत," एवढेंच ती म्हणाली व स्वयंपाकघरांत निघून गेली. तिचें म्हणणें बरोबर होतें. जाण्याचा निर्णय तिला न विचारतां घेतला होता; न जाण्याचाही तसाच घेतला. भोगाप्रमाणें त्यागही आगाऊ असूं शकतो, हें आम्हांस कोणत्याही ग्रंथांत वाचावयास मिळालें नव्हतें.

चार दिवस वही कोणीं उघडली नाहीं. पांचव्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही दोघें पुलावर फिरावयास गेलों. भरतीची वेळ होती. खालचें पाणी उलटें चढूं लागलें होतें. तेथें तिनें आपण होऊन विषय काढला. मोठ्या जहाजाचें तिला वावडें नाहीं, असें ती म्हणाली. खालच्या मजल्यावरची, मध्यावरची, बिनखिडकीची खोली असेल तर ती येईल. (वहीच्या नियमांप्रमाणेंही हेलकाव्याच्या दृष्टीनें तीच खोली उत्तम, हें सांगण्याचा मोह आम्हीं आवरला.) परंतु त्यापूर्वीं तिला एक करावयाचें आहे. भाऊच्या धक्क्याहून रेवसपर्यंतचा साधा लाँचचा प्रवास तिनें जन्मांत केलेला नाहीं. तो करावयाचा. हवा स्वच्छ असेल त्या दिवशीं, सकाळीं. आणि बरोबर आम्हीं असावें, पण काशाच्या खडकाच्या बाजूस गेल्यावर कांहीं बोलूं नये.

आम्हीं संवयीनें विचारलें, तिकिटें आतांच काढून ठेवूं काय? तिनें आपल्या मावसभावाकडे आधींच चौकशी केली होती. तिकीट तेथेंच खिडकीवर, त्याच दिवशीं मिळतें.