मंडळाची वही

क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी मंदिराच्या ओट्यावर काकूंनी मला थांबवलं. "तुझा मेसेज आला. वर्षभर तू बोलली नाही, मले वाटलं आता बोलली. डोळ्यात पाणी आलं वं. मग खाली सरकवलं, तर मसाल्याचा भाव."

एवढं बोलून त्या चपला घालून निघून गेल्या.

मागच्या वर्षी मंडळाच्या हिशोबावरून आमचा शब्दाला शब्द लागला होता. चूक माझी होती आणि ते मला ठाऊकही होतं. पण तोंडानं कबूल करणं राहून गेलं.

मेसेज मी पाठवला, पण काकूंना पाठवला असं म्हणवत नाही. माझी सून घरीच कांदा-लसणाशिवायचा मसाला, मुंगवड्या, पापड करते. माल चोख. शोधाचं खाणाऱ्यांसाठी ती मसाला ऑर्डर आल्यावरच दळते. दळणाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन; म्हणून पुडीवर दळल्याची तारीख लिहिते. मूल लहान, घराबाहेर पडता येत नाही. तिच्यासारखीसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस म्हणजे बिनभाड्याचं दुकान. 2018 मध्ये ते आलं तेव्हा मला हे खूळ वाटलं होतं. मालाचे फोटो मांडता येतात, गिऱ्हाइकांच्या नावांना रंगीत लेबलंसुद्धा लावता येतात: नवीन ग्राहक, पैसे बाकी, पैसे मिळाले. लोधीखेड्यात बसून सौंसर-नागपूरचं गिऱ्हाईक जोडायला याहून सोपी वाट मला माहीत नाही. तेव्हा फोनला पापी ठरवायला मी बसलेली नाही.

त्यात ब्रॉडकास्ट यादी असते. एका यादीत 256 नंबर. मजकूर एकदाच लिहायचा, जातो मात्र प्रत्येकीला वेगवेगळा, जणू तिच्या एकटीसाठीच लिहिलेला. आणखी कोणाला गेला ते कोणालाच दिसत नाही. अट एकच, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला असेल त्यांनाच तो पोचतो. सुनेचा नंबर सेव्ह करणार कोण? ती म्हणाली, "आई, तुमच्या फोनवरून टाका ना. तुमचा नंबर सगळ्यांकडे आहे."

होता. 'मंडळ' या नावानं होता. मंडळाच्या वहीत शहाऐंशी बायकांचे नंबर माझ्या हातचे लिहिलेले. प्रवचनाची वेळ, कोणाचं पारणं, कोणाचं देहावसान कळावं म्हणून त्यांनी ते दिले होते. मी यादी केली. वर 'उत्तम क्षमा', खाली दिवाळीचे भाव. अकरा ऑर्डरी आल्या.

न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, अदत्तादान, हे आपण पाठशाळेतच शिकतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात चोरीचा माल घेणं आहे, घ्यायला एक नि द्यायला दुसरं माप ठेवणं आहे, चांगल्याच्या नावाखाली हलका माल खपवणं आहे. व्यापाऱ्याच्या तराजूपाशी उभं राहून लिहिल्यासारखी यादी. सुनेचं माप खरं, मालही खरा. मग मी काय घेतलं?

सून ऐकून घेणारी नाही. "मंदिराच्या पायरीवर बसून तुम्ही सगळ्या पापडाच्या ऑर्डरी घेता, ते चालतं?" प्रश्न बरोबर होता. दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही. पायरीवर मी पापडाचं बोलले, तर समोरचीला माझा चेहरा दिसतो. ती विषय बदलू शकते, उठून जाऊ शकते. यादीत आपण आहोत हेच काकूंना माहीत नव्हतं. त्यांनी नंबर दिला होता, कान दिले नव्हते. आणि 'उत्तम क्षमा' वाचून त्यांचे डोळे भरले, ते तर मी पुडीला चिकटवायला मुळीच घ्यायला नको होतं. दशलक्षणात तिसरा दिवस आर्जवाचा, सरळपणाचा. त्या दिवशीची पूजा मीच म्हटली होती! 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच म्हणतो, माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरावी. पण सरकारनं सांगेपर्यंत आपण थांबायचं होतं का?

यादी पुसली. आता दुपारी एकेकीला फोन करून विचारते, "सुनेच्या मालाचे मेसेज पाठवू का? तिच्या नंबरावरून येतील." बऱ्याच जणी हो म्हणतात. काही गप्प राहतात, त्यांचं मी नाही समजते. एक म्हणाली, पापडाचं पाठवा, सुप्रभात नको. सून कुरकुरते, दिवाळी तोंडावर आहे आणि शहाऐंशीतल्या अजून निम्म्याही झाल्या नाहीत. तिचंही खोटं नाही, तिचे अकराचे पाच झाले तर ते मी भरून देणार नाही.

काकूंकडे मात्र त्याच संध्याकाळी गेले, फोन घरी ठेवून. हिशोबाची चूक कबूल केली, मेसेजचीही. त्या काहीच बोलल्या नाहीत. सूर्य बुडायच्या आत घे म्हणून चहा पुढे केला. मग म्हणाल्या, "ते ऑर्डर आल्यावरच दळते, हे खरं का?"

"खरं आहे."

"मेसेज नको पाठवू मले. लागला तर मी सांगीन."