आधी घड्याळ बघायचं

चार दिवसांत तू बॉइंक, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर विज्ञान प्रकल्पाची कामं करणारं ते सॉफ्टवेअर, सात वेळा काढलंस आणि सात वेळा पुन्हा टाकलंस, हे मला तुझ्या आईकडून कळलं. तू आलास तो थेट तक्रार घेऊन: "बाई, ते सॉफ्टवेअरच भंगार आहे." म्हणून काल शाळा सुटल्यावर मी तुमच्या क्वार्टरवर आले आणि पडद्यासमोर बसले. उजवीकडे खाली तारीख होती 1 जानेवारी 2009. खिडकीबाहेर आंब्याला कैऱ्या लोंबतायत आणि तुझ्या कॉम्प्युटरवर जानेवारी चालू आहे, तोही तू जन्माला यायच्या आधीचा. चार दिवस तू त्याच पडद्याकडे बघत होतास ना? मग बघत काय होतास?

मशीन सेकंडहँड आहे, त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. त्याच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर 2032 नावाचा. वीज नसताना आतलं घड्याळ चालू ठेवायचं हे त्याचं काम. तो सेल संपला की बोर्डाला वीज मिळतेय तोवर काहीच कळत नाही. लाईट गेली की घड्याळ मात्र मूळ तारखेवर जाऊन बसतं. गुरुवारी दुकानातल्या मुलाने तारीख लावून दिली, तू बॉइंक टाकलंस, ते चाललं. शुक्रवारी दुपारी लाईट गेली आणि संध्याकाळपासून बंद पडलं. दोन्ही गोष्टी तुझ्या डोळ्यांसमोर घडल्या. त्या जोडून बघायला कुणी शिकवावं लागतं का?

आता बॉइंक का अडलं ते ऐक. ते प्रकल्पाच्या सर्व्हरशी बोलायला जातं तेव्हा आधी सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतं. त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं. तुझ्या मशीनच्या हिशेबाने आज 2009 आहे, म्हणजे त्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. त्याने संपर्क नाकारला, आणि त्याच्यापुरतं अगदी बरोबर केलं. तुझा ब्राउझरही घड्याळ मागे असल्याचं सांगत होता. तू ती खिडकी बंद केलीस आणि मोबाइल हातात घेतलास.

मोबाइलवर कुणीतरी सांगितलं म्हणून तू अँटिव्हायरस काढून टाकलास, फायरवॉलही बंद केलीस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बिघाड घड्याळात आणि तू घराची कडीकुलपं काढून ठेवलीस. त्याच मशीनवर तुझ्या आईचा बचतगटाचा हिशेब आहे. बायकांनी पै-पै करून साठवलेल्या पैशांची ती वही आहे. तिला विचारलंस का? काल मी दोन्ही पुन्हा चालू करून घेतलं. यापुढे एखादी गोष्ट का बंद करतोयस हे मला एका वाक्यात सांगता आलं नाही, तर तिला हात लावायचा नाही.

पण मी खरी रागावले आहे ती याहून मोठ्या गोष्टीवर.

बॉइंकला इव्हेंट लॉग असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ई ही बटणं एकदम दाबली की उघडतो. त्यात प्रत्येक ओळीला तारीख-वेळ असते आणि काय झालं ते साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं. काल मी तो उघडला, तर प्रमाणपत्र पडताळता आलं नाही असं ओळीमागून ओळ लिहिलेलं होतं आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर 2009 होतं. तू दहावीत आहेस. एवढं इंग्रजी तुला वाचता येतं. तू ते उघडलंच नाहीस.

तुझे बाबा धरणावर आहेत ना? पावसाळ्यात पाण्याची पातळी ते कशी लिहितात ते बघितलंयस तू. आकडा, त्याच्यापुढे वेळ, त्याच्यापुढे तारीख. रात्री दोनला उठून, टॉर्च धरून, भिजत. दरवाजे उघडायचे का, नदीकाठच्या गावांना कधी सावध करायचं, हे त्या नोंदी बघून ठरतं. मुंबईच्या पाण्यातला सगळ्यात मोठा वाटा आपल्या भातसा धरणाचा आहे. तो असा नोंदी ठेवून सांभाळला जातो. एखाद्या रात्री आकडा पटला नाही म्हणून बाबांनी रजिस्टर फाडून नवं सुरू केलं असतं तर? तू नेमकं तेच केलंस. प्रोग्रॅम काढला तरी बॉइंकचा डेटा फोल्डर जागेवर राहतो, कारण अर्धवट झालेलं काम त्यात असतं. 'मुळापासून साफ कर' असं कुणीतरी म्हणालं म्हणून तू लपवलेला फोल्डर शोधून काढलास आणि अख्खा उडवलास. शुक्रवारची ती एक ओळ, जिथे तारीख धाडकन 2009 वर आली, तीही त्यात गेली. फोल्डर शोधायची अक्कल होती, तर आत काय आहे ते बघायची का नव्हती?

आणि त्यात आठ कामं होती. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर तुझ्या खात्यात मी माझ्या मोबाइलवरून बघितलं. ती अजून 'चालू' दाखवतायत. तू परत संपर्क साधेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत, म्हणजे साधारण 14 दिवस, सर्व्हर तुझ्या भरवशावर बसणार. एकच काम दोन वेगवेगळ्या घरांतल्या कॉम्प्युटरांना देतात आणि दोघांची उत्तरं जुळली तरच धरतात. म्हणजे या आठ कामांपुढे जगात कुठेतरी आठ माणसं आहेत. त्यांच्या मशीनने आपला वाटा केला असेल, वीज त्यांनी स्वतःच्या बिलातून दिली असेल, आणि त्यांचं उत्तर आता तुझ्यासाठी अडकून पडलंय. फुकट काम आहे म्हणून ते कसंही केलं तर चालतं, असं तुला वाटलं ना? पगाराचं काम टाकलं तर साहेब विचारतो. इथे विचारणारं कुणी नाही, म्हणून तर इथे जास्त जपायला हवं.

हा प्रकल्प तू स्वतः निवडलास. विज्ञान मंडळात मी सांगितलं होतं की बर्कलीच्या विद्यापीठाने 1999 मध्ये सेटी ॲट होम सुरू केलं, लोकांनी घरच्या कॉम्प्युटरवर रेडिओ दुर्बिणीतली माहिती चाळली, आणि त्यातूनच पुढे बॉइंक उभं राहिलं. 2020 मध्ये सेटीने नवी कामं पाठवणं थांबवलं म्हणून तू हिरमुसलास आणि मग आइन्स्टाइन ॲट होम घेतलंस. 2010 मध्ये या प्रकल्पातून एक पल्सार सापडला, सेकंदाला जवळजवळ 41 वेळा स्वतःभोवती फिरणारा तारा. अरेसिबोच्या दुर्बिणीची माहिती होती, आणि तो ज्यांच्या मशीनवर सापडला त्यातलं एक मशीन अमेरिकेतल्या आयोवातलं आणि दुसरं जर्मनीतलं. दोन्ही ठिकाणांहून काम पुरं होऊन परत आलं म्हणून तो सापडला. त्यातल्या एकाने तुझ्यासारखा फोल्डर उडवला असता तर ती नोंद मुदत संपेपर्यंत तिथेच लटकली असती.

याच प्रकल्पात लायगो वेधशाळेच्या माहितीतून गुरुत्वीय लहरी शोधतात. लायगो म्हटलं की तुझे डोळे चमकतात, कारण आपल्या हिंगोलीत, औंढा नागनाथला, लायगो-इंडिया उभी राहायची आहे. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून असा क्षीण संदेश वेगळा कसा काढायचा यावर तीस वर्षांहून अधिक काळ काम केलं. 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर पकडली गेली तेव्हा लायगोच्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोन ठिकाणी ती पोचण्यात जेमतेम 7 मिलिसेकंदांचं अंतर होतं. ती कोणत्या दिशेने आली याचा अंदाज त्या फरकावरून बांधला. हजारो किलोमीटर दूरच्या दोन ठिकाणची घड्याळं इतकी तंतोतंत लावलेली होती. त्या कामात हातभार लावायला निघालास आणि कोपऱ्यातली तारीख बघायचं तुला सुचलं नाही! हे मला लागलंय, म्हणून एवढं बोलतेय. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तू विचारतोस. मशीनसमोर बसल्यावर तुझे प्रश्न कुठे जातात?

आता रडू नकोस. वही काढ आणि लिहून घे.

उद्या शहापूरला जाऊन सीआर 2032 सेल आणायचा. आईला आधी सांगायचं आणि विजेच्या बिलाचंही तिच्याशी बोलून घ्यायचं. सेल बदलताना कॉम्प्युटरची वायर प्लगमधून पूर्ण काढलेली हवी, स्विच नुसता बंद असून भागणार नाही. पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडायची. तारीख, वेळ आणि वर्षही लावायचं, मग तासभर वायर काढून ठेवायची आणि परत लावून बघायचं की तारीख टिकली का. टिकली तरच पुढे जायचं. मग बॉइंक उघडून प्रकल्पात आपल्या जुन्याच खात्याने जायचं, नवं खातं काढायचं नाही. सेटिंगमध्ये निम्मेच कोअर द्यायचे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या जुन्या मशीनला तेवढं पुरे. जवळ साठवायचं काम कमीत कमी ठेवायचं.

ती आठ कामं तुझ्या नावावर परत आली तर पुरी करायची. झेपत नसतील तर आधी नवं काम घेणं बंद करायचं, मग ती रीतसर रद्द करून 'अपडेट' दाबायचं, म्हणजे सर्व्हरला लगेच कळतं आणि ती दुसऱ्या कुणाला जातात.

रविवारी दहा वाजता मी येते. मी येईपर्यंत काढायचं नाही, पुसायचं नाही. लॉग उघडा ठेव. पहिल्या ओळीपासून तू वाचणार आहेस, मोठ्याने, आणि प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत सांगणार आहेस. बाबांना सुट्टी असेल तर त्यांनाही बसव.