झाकून ठेवलेली गाडी

सुधीरच्या दारातली गाडी त्याची नव्हती, हे रोह्यात फार थोड्यांना माहीत होतं. ती आली तेव्हा धावीर महाराजांपुढे नारळ फुटला, आळीत पेढे वाटले गेले आणि धाटावच्या कारखान्यातल्या मित्रांनी पार्टी उकळली. गाडी लीजवर होती. तीन वर्षांचा करार, महिन्याला साडेअठरा हजार, तेही परस्पर पगारातून कापले जायचे. तीन वर्षांत ४५ हजार किलोमीटर चालवायची मुभा, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला सहा रुपये. ही अट सातव्या पानावर होती. चिंतामणराव देशमुखांसारखा अर्थमंत्री आपला म्हणून मिरवणाऱ्या गावातही करार शेवटच्या पानावरूनच सुरू करतात, जिथे सही करायची असते.

पहिली दोन वर्षं आकड्याकडे कुणी पाहिलं नाही. मग सासूबाईंना कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी खारघरच्या टाटा रुग्णालयात केमो, जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर. तिसऱ्या वर्षाच्या जून महिन्यात सुधीरने सहज मीटर पाहिला आणि त्याच्या पोटात गोळा आला. ४३ हजार २००. करार संपायला सप्टेंबरअखेर. महिन्याला तेराशेच्या हिशेबाने ३,४०० किलोमीटर जास्त होणार, म्हणजे वीस हजार चारशे रुपये.

आधी तो गॅरेजवाल्या चाचांकडे गेला. मीटर मागे फिरवून देणारा कुणी आहे का, असं त्याने आडून आडून विचारलं. चाचा हसले.

"साहेब, चाळीस हजारांची सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपला केलीत ना? आकडा तिकडे कॉम्प्युटरवर चढला. आता मीटर अडतीसवर नेलात तर काय सांगणार, गाडी रिव्हर्समध्ये चालवत होतो म्हणून?"

तो नाद सुटला. पण घरी येऊन सुधीरने गाडी घरामागच्या पडवीत लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. "आता सप्टेंबरपर्यंत हिला हात लावायचा नाही," त्याने बायकोला, वैशालीला बजावलं. धाटावला जायला रिक्षा. बाजाराला पायी. खारघरला भाड्याची गाडी. गणपतीची मूर्ती पेणहून यायची, तीसुद्धा यंदा शेजाऱ्याच्या इकोतून आणायची ठरली. लीज कंपनीला फोन करून विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं. पण विचारलं तर आपण जास्त चालवतोय हे त्यांच्या लक्षात येईल, अशी त्याला भीती. गाडी त्यांची, सर्व्हिसिंगच्या नोंदी त्यांच्याकडे, आणि हा त्यांच्यापासून लपवतोय! माणूस पैशाच्या बाबतीत घाबरला की असंच करतो.

जून आणि जुलै रोह्यात जसे पडतात तसे पडले. कुंडलिका दोनदा काठ सोडून आली. पडवीत ताडपत्रीखाली काय चाललंय ते पाहायला कुणी गेलं नाही.

ऑगस्टच्या मध्यावर एका रात्री सासूबाईंना ताप भरला. केमोनंतर ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही, असं त्यांच्या फाइलवर डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलेलं. सुधीरने छत्री टाकून ताडपत्री ओढली, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. दिवासुद्धा लागला नाही. वैशाली आईला धरून ओटीवर उभी, आणि हा बॉनेट उघडून मोबाइलच्या उजेडात पाहतोय. एअर फिल्टरच्या डब्याशेजारी भाताचं तूस, कापसाच्या चिंध्या आणि त्यात उंदराची चार लाल पिल्लं. त्यांच्यामागे वायरींचा जुडगा इतका कुरतडलेला की आतलं तांबं चमकत होतं.

शेजाऱ्याने इको काढली. आधी रोह्यातला दवाखाना, मग पहाटे खारघर. सासूबाई चार दिवसांत सावरल्या, म्हणून ही गोष्ट पुढे सांगता येतेय.

चाचांनी गाडी ओढून नेली. वायरिंगचे चौदा हजार, बॅटरी संपूर्ण गेलेली, तिचे साडेपाच. सीटला बुरशी धरली होती, ती त्यांनी ओळखीखातर फुकट पुसून दिली.

सुधीरचे वडील रोहा आगारात एसटीचे चालक होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांचा हिशेब लॉगशीटचाच. त्यांनी मुलाला बोल लावला नाही. कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, चष्मा चढवला आणि म्हणाले, "भाड्याच्या गाडीने खारघरच्या किती खेपा झाल्या?"

"चार."

"एका खेपेला काय घेतो?"

"किलोमीटरला सोळा, आणि ड्रायव्हरचा भत्ता तीनशे. एकतीसशे होतात."

"आपली गाडी काढली असतीस तर पेट्रोल किलोमीटरला सहा रुपये. वर त्या कंपनीचा दंड सहा रुपये. पावणेदोनशेला एकवीसशे. म्हणजे दंड भरूनही खेपेमागे हजार वाचले असते. लिही, चार हजार. वायरिंग, बॅटरी साडेएकोणीस. झाले साडेतेवीस. वाचवायला निघाला होतास वीस हजार."

सुधीर काही बोलला नाही.

"रिक्षाचं मी धरत नाही. आणि अडीच महिने साडेअठरा हजारांप्रमाणे भाडं भरलंस ते उंदरांच्या बाळंतपणाला. आमच्याकडे गाडी रिकामी धावली की डेड किलोमीटर म्हणायचे, आणि त्याचा जाब असायचा. तुझी तर उभ्या उभ्या डेड झाली. धाटावला कंपनीची बस जाते ना? ती पकडली असतीस तर ते किलोमीटर खरे वाचले असते. फुकटचे, रोजचे. तू तिथे रिक्षा केलीस आणि जिथे गाडी लागते तिथेच ती झाकलीस." मग जरा थांबून, "फोन केलास का त्यांना?"

"नाही."

"घाटात गाडी गरम व्हायला लागली तर आगाराला कधी कळवायचं? इंजिन बसल्यावर?"

दुसऱ्या दिवशी सुधीरने फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे ऐकत होती. मुदत संपण्याआधी कळवलं तर मर्यादा वाढवून मिळते, म्हणाली, वाढीव किलोमीटरला चारच रुपये पडतात. सहा महिन्यांची मुदतवाढही घेता येते, आणि ठरलेली किंमत भरून गाडी विकत घेतली तर मर्यादेचा प्रश्नच उरत नाही. जूनमध्ये विचारलं असतं तर बरं झालं असतं. "आता तुमचं रीडिंग काय आहे, सर?"

"त्रेचाळीस हजार दोनशे."

"मग तुम्ही मर्यादेतच आहात. अठराशे उरलेत. पण सर, न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे परत मिळत नाहीत हं."

पुढच्या दीड महिन्यात गाडी पडवीत गेली नाही. धाटावला सुधीर कंपनीच्या बसने जाऊ लागला, पायी जायच्या ठिकाणी पायी. गणपती पेणहून याच गाडीतून आले, वैशालीच्या मांडीवर. खारघरच्या केमोच्या खेपा झाल्या, मध्ये एकदा रक्त तपासायला अचानक जावं लागलं, तेव्हाही त्याने मीटरकडे पाहिलं नाही. सासूबाईंना कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगवाल्यांच्या होड्या पाहायच्या होत्या. धरणाचं पाणी सोडतात तेव्हा सकाळीच त्या निघतात, म्हणून एका रविवारी पहाटे उठून तेही केलं.

सप्टेंबरच्या तीस तारखेला पनवेलला गाडी परत केली. तपासणाऱ्या माणसाने टायर पाहिले, बॉनेट उघडलं, नवी वायरिंग पाहून भुवया उंचावल्या, चाचांचं बिल पाहिल्यावर खाली आणल्या. ४५ हजार २१२. जास्तीचे १,२७२ रुपये. सुधीरने तिथल्या तिथे मोबाइलवरून भरले.

"नवीन लीज करायचं का, सर?" त्या माणसाने फॉर्म पुढे केला. "वर्षाला पंधरा हजारच लिहू ना, मागच्यासारखं?"

"थांबा जरा," सुधीर म्हणाला. त्याने पिशवीतून सासूबाईंची फाइल काढली, पुढच्या तपासण्यांच्या तारखांचं पान उघडलं आणि टेबलावरचं पेन मागून घेतलं. हिशेबाला दहा मिनिटं गेली. मागे दोघं जण रांगेत ताटकळले होते.

"अठरा लिहा," तो म्हणाला. "आणि ते सातवं पान द्या इकडे."