आकार कुणाचा?

एखाद्या जीवाचा आकार हाच त्याचा स्वभाव, असे आपण सहज धरून चालतो. फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्न्यूटम हा समुद्री डायटम, म्हणजे एक एकपेशीय शैवाल, या समजुतीला छेद देतो. त्याच्या पेशी कधी दोन्ही टोकांना निमुळत्या, कधी तीन शिंगांच्या, तर कधी अंडाकार असतात. एकाच पेशीपासून वाढवलेल्या वंशातही हे रूपांतर दिसते. थंडी, कमी क्षारता किंवा टेकायला घट्ट पृष्ठभाग मिळाला की अंडाकार रूपाला जोर येतो. आणि नवल असे की, डायटमांची ओळखच मानले जाणारे सिलिकाचे कवच या जातीत फक्त अंडाकार पेशी घडवू शकतात. जनुके तीच, पण कवच कधी आहे, कधी नाही.

यावर सांख्य दर्शनाचे तत्त्वज्ञ म्हणतील, कार्य कारणात आधीपासूनच असते. तिन्ही रूपे बीजात होतीच, पाण्याने ती प्रकट केली इतकेच. आक्षेप वजनदार आहे, कारण ही पेशी वाटेल तो आकार घेत नाही. पण बीजात तिन्ही असतील, तर त्यांतल्या एकालाच खरा स्वभाव म्हणायला आधार उरत नाही. आणि कोणते उमटेल हे बीज एकटे ठरवत नाही. म्हणून मला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची भूमिका अधिक पटते: जे इतरांवर अवलंबून उपजते, त्याला स्वतंत्र स्वभाव नसतो. यावरून पेशी निव्वळ भास ठरत नाही. ती प्रकाश घेते, विभागते, कवच रचते; फक्त त्या रचनेत पाण्यातले मीठ आणि खालचा पृष्ठभागही सामील असतो.